बहिणीचा शर्ट कुणाला खुपत नाही, माझं काजळ सगळ्यांना खुपतं

प्रश्न : मी २७ वर्षांचा आहे. नागपुरात मनीषनगरला राहतो, मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी करतो. उंची सहा फूट, दाढी आहे. मला डोळ्यांत काजळ घालायला आवडतं, फुलाफुलांचे कुर्ते आवडतात, बोलणं मऊ आहे, हातवारे जास्त आहेत. मी पुरुष आहे आणि त्याबद्दल माझ्या मनात काही गोंधळ नाही. धाकटी बहीण केस बारीक कापते, माझे जुने शर्ट घालते, बुलेट चालवते. आई कौतुकाने सांगते, "आमची पोरगी म्हणजे पोरगाच आहे." मी काजळ घातलं की तीच आई खिडक्या लावून घेते. ऑफिसात "काय बे, पोरगी बनून राह्यला का?" हे रोजचंच. फोनवर तर लोक मला "मॅडम" म्हणतात. रविवार संध्याकाळपासून पोटात गोळा येतो. तुळशीच्या लग्नानंतर बहिणीचं लग्न आहे. त्यात मला काजळ घालून, मनासारखे कपडे करून उभं राहायचं आहे. तिच्या अंगावर जे चालतं ते माझ्या अंगावर का चालत नाही? आणि मी नेमकं काय करू?

उत्तर : आधी "का" घेऊ. तो नीट कळला की "काय करू" बराचसा आपोआप सुटतो.

माणूस तुमचं काजळ बघायच्या आधी तुमचं शरीर बघतो. हे कुणी ठरवून करत नाही आणि ठरवून थांबवूही शकत नाही. १९९३ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी लोकांना चेहऱ्यांचे फोटो दाखवले. केस पोहण्याच्या टोपीखाली झाकलेले, पुरुषांची दाढी तुळतुळीत केलेली, मेकअप काही नाही. तरी बाई की पुरुष हे ९६ टक्के वेळा बरोबर ओळखलं गेलं. भुवई आणि डोळा यांमधलं अंतर पुरुषांत कमी असतं, भुवईखालचं हाड पुढे आलेलं असतं, नाक आणि जबडा वेगळा असतो. नजर हे सगळं एका झटक्यात गोळा करते. त्याआधी १९७७ मध्ये तर अंधारात चालणाऱ्या माणसांच्या फक्त सांध्यांवर चमकत्या पट्ट्या लावून बघितलं होतं. खांदे जास्त हलतात की कंबर, एवढ्यावरून लोकांनी अंदाज बांधले आणि ते बऱ्यापैकी बरोबर निघाले.

म्हणजे सहा फूट उंची आणि दाढी यांनी "पुरुष" ही नोंद तुम्ही दारातून आत येतानाच करून टाकलेली असते. त्यानंतर जे दिसतं, काजळ, कुर्ता, हाताची हालचाल, ते त्या नोंदीशी ताडून बघितलं जातं. ही नोंद किती खोल जाते याचा एक जुना प्रयोग आहे, १९७६ चा. एका तान्ह्या बाळासमोर पेटीतून बाहुलं उसळून येतं आणि बाळ रडायला लागतं. चित्रफीत सगळ्यांना एकच दाखवली. ज्यांना "हा मुलगा आहे" असं सांगितलं होतं त्यांना त्या रडण्यात राग जास्त दिसला, ज्यांना "ही मुलगी आहे" असं सांगितलं त्यांना भीती जास्त दिसली. बाळ तेच, रडणंही तेच.

आता काजळ. ते नुसतं सवयीने बायकी ठरलंय असं नाही, त्यात थोडा शरीराचाही भाग आहे. सरासरीने बायकांचे डोळे आणि ओठ भोवतालच्या त्वचेच्या मानाने जास्त गडद दिसतात, पुरुषांत हा फरक कमी असतो. रिचर्ड रसेल यांनी २००९ मध्ये धड पुरुषी नाही, धड बायकी नाही असा एकच चेहरा घेतला आणि फक्त हा गडद-फिक्याचा फरक कमीजास्त केला. फरक वाढवला की लोकांना तो चेहरा बाईचा वाटला, कमी केला की पुरुषाचा. काजळ नेमकं हेच करतं. तुमच्या बहिणीने काजळ घातलं तर तिच्या चेहऱ्याने आधीच सांगितलेलं तेच पुन्हा सांगितलं जातं, म्हणून कुणाची नजर अडत नाही. तुमच्या चेहऱ्यावर दाढी एक सांगते आणि डोळे दुसरं. बघणारा थबकतो.

हे थबकणं एखाद-दोन सेकंदांचं असतं. त्यात अजून द्वेष नसतो, नुसता गोंधळ असतो. मग तो मनातल्या मनात कारण शोधतो. आमच्या मते सगळी गोम या कारणापाशी आहे.

मे महिन्यात दुपारी व्हरायटी चौकातल्या सिग्नलवर उभं राहून बघा. चव्वेचाळीस-पंचेचाळीस डिग्री ऊन. बायकांच्या तोंडाला स्कार्फ, पुरुषांच्या डोक्या-तोंडाला दुपट्टा, सगळ्यांचे फक्त डोळे उघडे. दुपट्टा गुलाबी असो, फुलांचा असो, घरातल्या बाईचा असो, कुणी वळून बघत नाही. पुरुषाच्या डोक्यावर दुपट्टा का, याला "ऊन" हे तयार उत्तर आहे. तोच पुरुष डिसेंबरात संध्याकाळी फुटाळा तलावावर तोच दुपट्टा खांद्यावरून सोडून फिरला तर दहा जण बघतील. ईदच्या दिवशी मोमिनपुऱ्यात दाढीवाल्या पुरुषाच्या डोळ्यांत सुरमा असतो. काळी रेघ तीच आणि डोळा पुरुषाचाच, पण "सण आहे, रीत आहे" हे कारण बघणाऱ्याला आधीच माहीत असतं. आपल्या विदर्भातल्या खडी गंमत या लोकनाट्यातला नाच्या पोऱ्या नऊवारी नेसून नाचला की गाव टाळ्या देतं. बालगंधर्वांच्या साड्या आणि अंबाडे तर घरंदाज बायकांनी उचलले होते. रंगमंच हे कारण पुरेसं होतं.

कारण सापडलं की नजर पुढे सरकते. सापडलं नाही की माणूस आपल्या पदरचं कारण बनवतो, आणि ते कारण तुमच्याबद्दल असतं.

बहिणीच्या शर्टाला कारणं भरपूर आहेत. गाडी चालवायला सोपं, खिसे असतात, रात्री सुरक्षित वाटतं. शिवाय शर्ट-पँट हा आता सगळ्यांचाच पोशाख झालाय, त्याला पुरुषी म्हणून कुणी मोजत नाही. पण तेवढ्यावर भागत नाही. आईचं वाक्य परत वाचा. "पोरगी म्हणजे पोरगाच" यात चढती आहे, मुलीला वरची पायरी मिळाल्याचा आनंद आहे. "पोरगा म्हणजे पोरगीच" हे कुठली आई कौतुकाने म्हणते? आपल्याकडे अधिकाऱ्याचा निषेध करायचा तर त्याला बांगड्यांचा आहेर देतात. बांगडी ही शिवी झाली, कारण बाई असणं खालचं मानलं गेलं. तुमचं काजळ ज्यांना खुपतं त्यांना त्या रंगाशी काही देणंघेणं नाही. पुरुषाला मिळालेली वरची जागा हा माणूस आपण होऊन सोडतोय, हे त्यांना बघवत नाही. तुमच्यावर जो राग निघतो तो मुळात बाईपणाबद्दलच्या तुच्छतेतून येतो. त्यात तुमची काही चूक नाही, हे आम्ही अगदी ठामपणे सांगतो.

एक मात्र लक्षात घ्या. बहिणीला मिळालेली सूट पक्की नाही. लग्न ठरलंय ना तिचं? "आता जरा केस वाढव" हे कुणीतरी म्हटलं असेलच. ऑफिसातही तिच्यासाठी हिशेब वेगळा असतो. २००८ च्या एका अमेरिकन अभ्यासात चिडून बोलणाऱ्या पुरुषाची पत लोकांच्या नजरेत वाढली आणि तसंच चिडून बोलणाऱ्या बाईची घसरली. आपल्या भाषेत तो "दमदार", ती "माजलेली". म्हणून तिचा हेवा करू नका. तिच्याशी बोला. या घरात तुमची गोष्ट सगळ्यांत लवकर तिलाच कळणार आहे.

लोक काजळावरून आणखी एक उडी मारतात. शरीराचं लिंग ही एक गोष्ट, आपण स्वतःला कोण मानतो ही दुसरी, दिसण्या-वागण्यातून लिंगभाव कसा व्यक्त होतो ही तिसरी आणि मन कुणावर जडतं ही चौथी. चारही वेगळ्या आहेत. पुरुषाच्या बाबतीत बघणारा तिसरीवरून थेट दुसरी आणि चौथी ठरवून मोकळा होतो. तुम्ही म्हणता मी पुरुष आहे, तर तुम्ही पुरुष आहात, विषय संपला. आणि हे वाचणाऱ्यांत कुणाची ओळखच जन्माच्या नोंदीपेक्षा वेगळी असेल तर त्यांना हीच नजर कितीतरी जड जाते, कारण तिथे लोक माणसाने सांगितलेल्या ओळखीपेक्षा शरीरावर जास्त विश्वास ठेवतात. १५ एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कपडे, बोलणं, वागणं यांतून आपला लिंगभाव व्यक्त करणं हे राज्यघटनेच्या कलम १९(१)(क) खालच्या अभिव्यक्ती स्वातंत्र्यात येतं असं सांगितलं आहे. नागपुरात सारथी ट्रस्ट अशा वेगळ्या ओळखीच्या मंडळींसोबत काम करते. तुम्हालाही तिथे मोकळेपणी बोलायला माणसं मिळतील.

फोनवरच्या "मॅडम"चं कोडं आता सोपं वाटेल. पुरुषांच्या बोलण्याची पट्टी सरासरी १२० हर्ट्झच्या आसपास, बायकांची २१० च्या आसपास. मधल्या साधारण १४५ ते १७५ या पट्ट्यात आवाज कुणाचा हे नुसत्या पट्टीवरून सांगता येत नाही. पण कान पट्टीबरोबर घशाची लांबीही ऐकतो. ओठांपासून स्वरतंतूंपर्यंतची नळी पुरुषात साधारण १७ सेंटिमीटर, बाईत १४ च्या थोडी वर. लांब नळीत आवाज भरीव घुमतो. समोर असताना तुमची उंची आणि दाढी कानाला मदत करतात, फोनवर ती मदत जाते. जुन्या पद्धतीच्या फोन लाइनीवर तर ३०० हर्ट्झच्या खालचा भाग जवळपास जातच नाही, खालचा सूर कानाला वरच्या सुरांवरून अंदाजाने जुळवावा लागतो. त्यात तुमचं बोलणं मऊ, कदाचित चढउतारांचं, वाक्याचा शेवट वर जाणारा, "स" पातळ. मग "मॅडम" होतं.

यावर उपाय घशात शोधू नका. आवाज दाबून खाली नेत राहिलं की घसा थकतो, खरखर सुरू होऊ शकते आणि सवय लागली तर ती सहज जात नाही. (आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला तर मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या कान-नाक-घसा विभागात दाखवा, ते वेगळं.) आपल्या मराठीत सोय आहे, ती वापरा. पहिल्याच वाक्यात क्रियापद येऊ द्या : "नमस्कार, मी अमुक बोलतोय." हिंदीत "बोल रहा हूँ." नाव आणि "बोलतोय" हे पहिल्या दोन सेकंदांत गेलं की समोरचा पुढचा सगळा आवाज पुरुषाचा म्हणून ऐकतो. तरी कुणी "मॅडम" म्हणालंच तर एकदाच "सर म्हणा" आणि पुढे बोलत राहा. भाषेतलं लिंगही शेवटी ज्या त्या गावाच्या सवयीचं असतं. कोल्हापूरकडच्या मुली "मी आलो, मी गेलो" म्हणतात आणि त्यांच्या बाईपणावर तिथे कुणी शंका घेत नाही.

आता काजळाकडे वळू. तुम्ही कसं लावता ते पत्रात नाही, पण बहुतेक पुरुष सुरुवातीला एकच चूक करतात : खालच्या पापणीच्या आत जाड रेघ ओढतात. पुरुषांचं भुवईखालचं हाड पुढे असतं, त्याची सावली डोळ्यावर आधीच पडलेली असते. त्यात खाली काळं आलं की डोळा खोल आणि आजारी दिसतो. नागपूरच्या घामात तेच काजळ दुपारपर्यंत डोळ्याखाली उतरतं आणि लोक विचारतात, "रात्री झोपला नाही का?" त्याऐवजी तोंड धुऊन कोरडं करा, पापण्यांवरचं तेल कागदी रुमालाने टिपा, नुसतं टिपा, चोळू नका. आरसा हनुवटीच्या खाली धरा आणि खाली बघा, म्हणजे वरच्या पापणीची कड दिसते. पेन्सिलने केसांच्या मुळांमध्ये छोटे छोटे तीन-चार ठिपके द्या आणि कापसाच्या काडीने जोडून घ्या. डोळा उघडल्यावर रेघ दिसता कामा नये, पापण्या दाट वाटल्या पाहिजेत. गडद तपकिरी पेन्सिल काळ्यापेक्षा मऊ दिसते. ऑफिससाठी ती बरी.

सुटा सुरमा किंवा डबीवर घटक न छापलेलं काजळ घेऊ नका. अशा सुरम्यात शिसं सापडतं. पेन्सिल कुणाबरोबर वाटून घेऊ नका, अगदी बहिणीबरोबरही नाही, डोळे आले तर दोघांचे येतील. रात्री खोबरेल तेलाच्या बोळ्याने पुसूनच झोपा. आणि दाढीची कड नीट राखा. विस्कटलेल्या दाढीबरोबर काजळ हे घाईत काहीतरी केल्यासारखं दिसतं, रेखीव दाढीबरोबर ते ठरवून केलेलं दिसतं. ठरवून केलेल्या गोष्टीला लोक लवकर "याची स्टाइल" म्हणून सोडून देतात.

कुर्त्याचंही तसंच. बायकांच्या विभागातून मोठ्या मापाचा कुर्ता उचलू नका. त्याचा मुंढा तुम्हाला काचतो, खांद्याची शिवण हाडाच्या आत येते, छातीवरचे टक्स रिकामे पडून चुण्या धरतात आणि खालचा घेर कमरेवर फुगतो. कपडा दुसऱ्याचा आहे हे लांबूनच कळतं. मग बघणाऱ्याला जे कारण सापडतं ते "सोंग" हे असतं. तेच फुलांचं कापड इतवारीतून किंवा सीताबर्डीवरून मीटरवर घ्या. ४४ इंच पन्हा असेल तर तुमच्या उंचीला गुडघ्यापर्यंतचा कुर्ता अडीच ते पावणेतीन मीटरमध्ये होतो. बारीक फूल सहज खपतं. मोठं फूल हवं असेल तर टेलरला पाठीच्या आणि पुढच्या भागाची फुलं जुळवायला सांगा आणि पाव-अर्धा मीटर जास्त घ्या. खांदा हाडावर, टक्स नाहीत, काज-बटणाची पट्टी पुरुषी बाजूची, म्हणजे बटणं तुमच्या उजव्या हाताला. माप अंगाचं असलं की कापड कितीही फुलांचं असो, कुर्ता तुमचाच दिसतो.

हे सगळं एका दिवशी करू नका. एक खूण वेगळी असली की लोक तिला आवड म्हणतात, तीन खुणा एकदम आल्या की त्यांना घोषणा वाटते. पहिले तीन-चार आठवडे फक्त डोळे. मग कुर्ता. नजरेला सवय होते. तोच चेहरा, तेच काजळ, रोज दहा वाजता त्याच खुर्चीवर दिसलं की थबकणं कमी कमी होत जातं. अधूनमधून घातलं तर दर वेळी ते नवीनच राहतं, म्हणून आठवड्यातून एकदा घालण्यापेक्षा रोज हलकं घालणं बरं. हे तुमचं कर्तव्य नाही, कुणाच्या सोयीने जगायची सक्तीही नाही. रोजचा त्रास कमी व्हावा म्हणून सांगतोय. उद्याच सगळं घालून जायचं असेल तर तो हक्क तुमचा आहे, फक्त पहिले पंधरा दिवस जड जातील. रस्त्यावर मात्र एवढं सांभाळा, पहिल्यांदा दिवसा, ओळखीच्या दुकानांत जा. रात्री उशिरा चौकातल्या पानठेल्यावर टोळकं असतं, आणि टोळक्यातला प्रत्येक जण दुसऱ्याला दाखवायला बोलतो.

ऑफिसात "पोरगी बनून राह्यला का" याला खुलासा देऊ नका. खुलासा दिला की तपास सुरू होतो. "काजळ आहे. बोल, काम काय आहे?" एवढंच, सपाट आवाजात, डोळ्यांत बघून, आणि लगेच कामाचं. हसू नका. तुमच्या हसण्याला परवानगी समजतात. हाच माणूस तिसऱ्यांदा बोलला तर त्याला एकट्याला गाठून सांगा : "तू हे तीनदा म्हणालास. मला आवडत नाही. यापुढे म्हणू नकोस." बहुतेक जण इथे थांबतात, कारण टोळक्याशिवाय त्यांना ते वाक्य उच्चारता येत नाही. न थांबणाऱ्याची तारीख, वेळ, नेमके शब्द आणि कोण हजर होतं हे त्याच दिवशी लिहून ठेवा आणि चार-पाच नोंदी झाल्या की एचआरला ईमेलने द्या. तोंडी तक्रार हवेत विरते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा तक्रारदार म्हणून बाईलाच धरतो, त्यामुळे अंतर्गत समितीकडे तुमची तक्रार त्या कायद्याखाली जाणार नाही. कंपनीच्या आचारसंहितेत छळाबद्दल जो नियम असेल त्याचा क्रमांक ईमेलमध्ये टाका. बहिणीला मात्र तो कायदा लागू आहे, दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी समिती असावीच लागते, हे तिला सांगून ठेवा. कुणी अंगाला हात लावला किंवा धमकी दिली तर ईमेलची वाट बघू नका, ११२.

रविवारच्या पोटातल्या गोळ्याकडे दुर्लक्ष करू नका. तो सोमवारनंतरही जात नसेल, झोप-जेवण बिघडलं असेल, तर १४४१६ या टेली मानस क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

आणि लग्न. तुम्हाला ते सगळ्यांत अवघड वाटतंय. आम्हाला ते सगळ्यांत सोपं वाटतं. पुरुषाने नटावं याला आपल्या समाजात सगळ्यांत मोठं तयार कारण लग्न हेच आहे. तिथे पुरुषाच्या डोक्यावर गुलाबी फेटा चालतो, कानात मोत्यांची भिकबाळी चालते, जरीचं उपरणं चालतं, अत्तर चालतं, नवरदेवाच्या तर गालावर काजळाचं बोटच असतं. तुम्ही वधूचे भाऊ, मानाचे. तुम्ही साध्या शर्ट-पँटमध्ये आलात तरच लोक विचारतील.

आईला मात्र लग्नाच्या सकाळी धक्का देऊ नका. सहा आठवडे आधी, स्वयंपाकघरात, बहीण जवळ असताना बोला. "मी काजळ घालणार आहे" इथून सुरुवात केली की उत्तर "नाही" येणार. तिच्या जुन्या साडीपासून सुरू करा. "आई, तुझी ती करवतकाठी टसर आहे ना, तिच्या काठाचं मला उपरणं करून देशील?" करवतीच्या दातांसारखा तो काठ आपल्या विदर्भाचा, आणि टसर तर पुरुष पूजेला नेसत आलेत. जुनी टसर घडीवर विरलेली असते, म्हणून घडीची जागा सोडून कापा आणि मागून पातळ मलमल लावून घ्या, नाहीतर खांद्यावर पहिल्या तासातच फाटेल. काठ निवडणं, टाके घालणं तिच्या हातून होऊ द्या. जे आपल्या हाताने केलं त्याची लाज वाटत नाही. काजळाचं त्यानंतर दोन आठवड्यांनी काढा. "लोक काय म्हणतील" येईलच. तेव्हा वाद घालू नका, विचारा : "कोणते लोक? तीन नावं सांग." नावं बहुधा एक काकू आणि एक मामा यांच्यावर येऊन थांबतात. त्या दोघांशी लग्नाआधी बहिणीला बोलू द्या. तिने म्हटलं, "माझ्या लग्नात दादा कसा उभा राहील ते मी ठरवलंय," की त्यावर फारसं बोलायला उरत नाही. मुलाकडच्यांना कळवायचं तर तेही तिनेच, सहज, परवानगी मागितल्यासारखं नाही.

आठवडाभर आधी पूर्ण पोशाख करून घरातल्या दिव्यात आणि उन्हात, चार-पाच फुटांवरून मोबाइलवर फोटो काढून बघा. फोटोत काजळ जास्त गडद वाटलं तर लग्नाच्या दिवशी एक हात कमी लावा. पाण्याने न उतरणारी पेन्सिल घ्या, कुर्त्याच्या खिशात कापसाच्या दोन काड्या ठेवा. आणि खालच्या पापणीला त्या दिवशी अजिबात लावू नका. पाठवणीच्या वेळी ती ओली होणारच आहे.